परक्या गाडीचे इंजिन: कावेरीकाठच्या एका कसबाचा इतिहास

कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांच्या मध्ये वसलेले कुंभकोणम् हे मराठी वाचकाला सर्वस्वी परके गाव नव्हे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरची गादी हस्तगत केल्यापासून १७९९ च्या तहाने मुलखाचा कारभार कंपनी सरकारच्या हाती जाईपर्यंत हे गाव भोसल्यांच्या अमलाखाली नांदले. आणि त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी भूषविणारे सर टी. माधवराव १८२८ साली येथल्याच एका मराठीभाषक देशस्थ घराण्यात जन्मास आले. महामहम् तलाव, शार्ङ्गपाणीचे मंदिर, १८५४ साली स्थापन झालेले सरकारी कॉलेज आणि गणिती रामानुजन् यांचे बालपण ज्या गल्लीत गेले ती गल्ली, यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु जेथून त्रिभुज प्रदेशातील खेड्यापाड्यांकडे मोटारी सुटत आल्या, आणि ज्याच्या नावाने आजही तमिळनाडूच्या सरकारी मोटारसेवेचा एक मोठा विभाग ओळखला जातो, त्या गावाचा विचार मोटारीच्या अंगाने क्वचितच केला जातो. आणि एका गाडीतून इंजिन उतरवून ते दुसरीच्या चासीत बसविण्याचे जे कसब या मुलखात पिढ्यान् पिढ्या चालत आले, त्याचा तर उल्लेखही सहसा होत नाही. मला स्वतःला हे कसब मोठ्या आदरास पात्र वाटते, कारण त्यात हातोडीपेक्षा मोजपट्टीचे आणि बळापेक्षा पूर्वयोजनेचे काम अधिक आहे.

मद्रास इलाख्यातील मोटारवाहतुकीचा आरंभच मुळी अशा रीतीने झाला की गाडी ही एकसंध वस्तू आहे अशी समजूत येथे कधी रुजलीच नाही. मदुरेचे टी. व्ही. सुंदरम् अय्यंगार यांनी १९११ साली आपली पेढी स्थापिली आणि १९१२ साली तंजावर–पुदुक्कोट्टै मार्गावर मोटारबस सुरू केली. त्या काळी, आणि नंतरही कित्येक दशके, बसमालक परदेशातून येई ती केवळ चासी विकत घेई: दोन लांब पोलादी तुळया, त्यांवर इंजिन, गिअरबॉक्स, मागचा आस आणि चार चाके. प्रवाशांनी बसावयाची पेटी ही येथल्याच सुतारांनी सागवानाची चौकट उभारून आणि तिच्यावर पत्रा ठोकून तयार केलेली असे. मद्रासच्या माउंट रोडवरील सिम्सन आणि कंपनी, जी १८४० पासून घोडागाड्या बांधीत आली होती, तिच्यासारख्या कारखान्यांनी हीच विद्या घोडागाडीवरून मोटारीवर आणली. परिणाम असा झाला की मालकाच्या, चालकाच्या आणि मिस्त्रीच्या मनात देह निराळा, तुळया निराळ्या आणि इंजिन निराळे असा विवेक पहिल्यापासून होता. तुळया शाबूत असतील तर वरचा देह दोनदा बदलता येतो आणि देह शाबूत असेल तर आतले इंजिनही बदलता आले पाहिजे, हा पुढचा विचार त्यांना साहजिकच सुचला.

दुसऱ्या महायुद्धाने या विचाराला पहिली कठोर परीक्षा द्यावयास लावली. १९४१ पासून हिंदुस्थानात पेट्रोलचे नियंत्रण सुरू झाले, आणि ज्यांच्या गाड्या रोज ठरावीक वेळी सुटल्या पाहिजेत त्या बसमालकांपुढे गाडी उभी करणे किंवा दुसरे इंधन शोधणे एवढेच दोन मार्ग उरले. तेव्हा बसच्या मागे लोखंडी भट्टी टांगून, तिच्यात लोणारी कोळसा अपुऱ्या हवेत जाळून, त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइडयुक्त वायू गाळण्यांतून थंड करून इंजिनात सोडण्याची पद्धत देशभर पसरली; सुंदरम् अय्यंगारांच्या टी. व्ही. एस. पेढीने मदुरेस अशा भट्ट्यांचे स्वतंत्र उत्पादनच केले. महाराष्ट्रातील वृद्ध मंडळींना या कोळशाच्या मोटारींची आठवण असे. चालकाला सकाळी भट्टी पेटवून वायू सुधरेपर्यंत थांबावे लागे, गाळण्या रोज साफ कराव्या लागत, आणि इंजिनाचे बळ एकतृतीयांशाने किंवा त्याहूनही अधिक घटे. येथे इंजिन बदलले नव्हते, केवळ त्याचा आहार बदलला होता. परंतु एका कामासाठी बांधलेले यंत्र दुसऱ्या कामास लावताना त्याच्या भोवतीची प्रत्येक वस्तू, म्हणजे वजन, जागा, उष्णता आणि चालकाची सवय, पुन्हा मोजावी लागते, हा धडा मद्रास इलाख्यातील मिस्त्री या पाच वर्षांत शिकले. घाटमाथ्यावरील गाड्यांना बळाची ही तूट असह्य होई. तंजावर जिल्हा मात्र तळहातासारखा सपाट आहे. कुंभकोणम् ते मायवरम् किंवा कुंभकोणम् ते तंजावर या रस्त्यांवर चढ म्हणून जो काही लागे तो कालव्यांवरील पुलांचा. या भूगोलाला पुढे आणखी मोठे महत्त्व येणार होते.

युद्ध संपल्यावर एक चमत्कारिक सुबत्ता आली. दोस्त सैन्याच्या छावण्यांतून जीप, डॉज, आणि कॅनडात बांधलेले फोर्ड व शेव्हरोले जातीचे लष्करी ट्रक 'डिस्पोजल'च्या मालात लिलावाने निघाले. काही गाड्या जशाच्या तशा रस्त्यावर आल्या. काही मात्र अशा होत्या की ज्यांचा सांगाडा निकामी, पण इंजिन फारसे वापरलेले नाही. ज्या गाडीतून काळीज काढावयाचे आणि बाकीचे भंगारात घालावयाचे, अशा दात्री गाडीची कल्पना येथे प्रथम मोठ्या प्रमाणावर व्यवहारात उतरली. तिला बळ मिळाले ते सरकारी धोरणामुळे. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईस शिवडी येथे आणि फोर्डनेही त्याच सुमारास मुंबईत गाड्या जुळविण्याचे कारखाने चालविले होते. परंतु १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने असा निर्णय घेतला की ज्या कंपन्या येथे प्रत्यक्ष उत्पादनाचा कार्यक्रम हाती घेणार नाहीत, त्यांनी आपला गाशा गुंडाळावा. त्यानंतर लवकरच, १९५४ च्या सुमारास, या दोन्ही कंपन्या निघून गेल्या. आता ज्या बसमालकाच्या दारात दहा-बारा शेव्हरोले उभ्या आहेत त्याच्या स्थितीची कल्पना करावी: गाड्या चांगल्या आहेत, परवाने चालू आहेत, प्रवासी थांब्यावर तिष्ठत आहेत, आणि पिस्टन किंवा क्रँकशाफ्ट मिळविण्याचा राजमार्ग बंद झालेला आहे.

परवान्याचा हा मुद्दा समजून घेतल्याखेरीज या कसबाचा इतिहास अर्धाच समजतो. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे प्रत्येक मार्गावर किती गाड्या धावाव्यात हे सरकारी अंमलदार ठरवीत, आणि परवान्यावर लागलेली गाडी त्यांच्या अनुमतीवाचून बदलता येत नसे. कुंभकोणम्‌ची रामन अँड रामन ही त्या भागातील नामांकित मोटार कंपनी. तिचे मद्रास सरकारशी परवान्यांवरून जे दावे झाले ते थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९५९ च्या निकालात न्यायालयाने असे ठरविले की परवान्यांसंबंधी सरकारने कायद्याच्या ४३-अ या कलमाखाली काढलेले हुकूम हे कायदा नसून प्रशासकीय सूचना होत. कायद्याच्या अभ्यासकांना हा निकाल माहीत असतो. मला त्यातून दिसते ते वेगळेच: एकेका परवान्यासाठी वर्षानुवर्षे न्यायालयात झगडणारा मालक, त्या परवान्यावरची गाडी शक्य तितकी वर्षे जिवंत ठेवण्याचा यत्न करणार नाही तर काय करणार? नवी चासी मिळण्यास विलंब, तिची किंमत जबर, आणि जुनीच्या तुळया अजून सरळ. अशा वेळी इंजिन बदलणे हा निरुपायाचा तोडगा राहत नाही. तो हिशेबाने निघालेला निर्णय ठरतो.

हा हिशेब डिझेलने पूर्ण केला. इंग्लंडात पीटरबरो येथे फ्रँक पर्किन्स याने १९३२ साली जी कंपनी काढली तिचा मूळ उद्देशच असा होता की पेट्रोल इंजिनाच्या जागी बसू शकेल इतके आटोपशीर आणि इतके वेगवान डिझेल इंजिन तयार करावयाचे. त्याचे पी-६ हे सहा सिलिंडरांचे, ४.७३ लिटर घनमानाचे इंजिन जगभरच्या ट्रकांत गेले. मद्रासच्या सिम्सन कंपनीने १९५० च्या दशकात पर्किन्सची इंजिने येथे बनविण्यास आरंभ केला. मुंबईस कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या डॉज व फार्गो ट्रकांतही पर्किन्सची डिझेल इंजिने आली. पेट्रोल इंजिनात मिश्रण सहा-सात पटींनी दाबले जाते, तर डिझेलमध्ये हवा सोळा पटींच्या आसपास दाबली जाते, आणि त्या दाबाच्या उष्णतेनेच इंधन पेटते. म्हणून तेवढ्याच इंधनात डिझेलची गाडी अधिक मैल चालते, शिवाय ते इंधन स्वस्त. दिवसाकाठी दीडशे मैल धावणाऱ्या बसमध्ये केवळ इंधनाच्या बचतीतून नव्या इंजिनाची रक्कम फिटे. साडेतीन लिटरांचे शेव्हरोले इंजिन उतरवून तेथे पर्किन्स चढविण्याची लाट यामुळे आली, आणि ती केवळ तमिळ मुलखापुरती राहिली नाही.

आता हे चढविणे म्हणजे नेमके काय, ते सविस्तर सांगितले पाहिजे. कारण या विषयाचे सारे मर्म तेथे आहे. बाहेरच्या माणसाला वाटते की एक इंजिन काढले, दुसरे त्याच भोकांत बसविले, चार बोल्ट आवळले की काम झाले. जाणता मिस्त्री जुन्या इंजिनाचा एकही बोल्ट सैल करण्यापूर्वी गाडी सपाट फरशीवर उभी करी, तुळयांच्या दोन्ही बाजूंनी ओळंबा सोडून खाली खडूने खुणा करी आणि सुतळी ताणून गाडीची मध्यरेषा जमिनीवर उतरवून घेई. जुने इंजिन किती अंशांनी मागे कललेले आहे, क्रँकशाफ्टचे तोंड त्या मध्यरेषेपासून किती उंचीवर आहे, गिअरबॉक्सचे शेपूट कोठे संपते आणि तेथून मागच्या आसापर्यंत प्रॉपेलर शाफ्टची लांबी किती, ही मापे वहीत उतरल्यावाचून पुढचे पाऊल पडत नसे. इंजिनाचा कल आणि मागच्या पिनियनचा कल हे एकमेकांस समांतर राहिले पाहिजेत. तसे न झाल्यास शाफ्टच्या दोन टोकांचे क्रॉस एकमेकांची विषम गती शमवू शकत नाहीत, विशिष्ट वेगाला सारी गाडी थरथरू लागते, आणि सहा महिन्यांत गिअरबॉक्सचे मागचे बेअरिंग जाते. पुष्कळदा असे बिघाड इंजिनाच्या माथी मारले जातात. दोष खरे पाहता पहिल्या दिवशी न घेतलेल्या एका मापाचा असतो.

त्याहून नाजूक प्रश्न जोडाचा. इंजिन एका घराण्याचे आणि गिअरबॉक्स दुसऱ्या घराण्याचा असल्यास दोहोंच्या मध्ये जाड पोलादी तबकडी बसवावी लागते. तिच्या एका बाजूस इंजिनाची भोके, दुसऱ्या बाजूस बेल हाउसिंगची, म्हणजे क्लचभोवतीच्या घंटाकृती आवरणाची. परंतु गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे नाक क्रँकशाफ्टच्या पाठीतल्या लहानशा बुशमध्ये टेकलेले असते, आणि या दोन शाफ्टांची केंद्रे इंचाच्या काही हजारांश भागांइतकी जरी चुकली तरी क्लच नीट सुटत नाही, बुश झिजतो आणि शाफ्ट चेचला जातो. म्हणून ही तबकडी नुसती भोके पाडून होत नाही. ती लेथवर धरून, मधले मोठे भोक आणि बाहेरची कड एकाच बांधणीत कातून, मग डायल गेजने तपासून घ्यावी लागते. तमिळमध्ये ज्याला पट्टरै म्हणतात त्या कारखान्यात लेथवर उभा असलेला टर्नर हा या सगळ्या उद्योगाचा खरा आधारस्तंभ. फिटर आपली चूक हातोडीने झाकू शकतो. टर्नरला ती सवलत नाही.

यामुळेच अनुभवी लोक दात्री गाडी सबंध विकत घेण्याचा आग्रह धरीत, आणि माझ्या मते या साऱ्या विद्येतील सर्वांत शहाणपणाचा नियम हाच आहे. नुसते इंजिन बाजारात स्वस्त मिळते. परंतु त्याच्याबरोबर त्याचा गिअरबॉक्स, फ्लायव्हील, क्लच, स्टार्टर, डायनामो, रेडिएटर, फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन ज्यावर टेकते त्या आधाराचे, रबर आणि कंस, अॅक्सिलरेटरची कांब, सायलेन्सरची मान, तारांचा गुंता आणि तेलदाबाच्या काट्याचा खटका हे सर्व आले नाही, तर प्रत्येक जिन्नस स्वतंत्र शोधावा लागतो आणि शेवटी सबंध गाडीहून अधिक पैसा खर्च होतो. दात्री निवडावी ती मागून ठोकर बसलेली, म्हणजे इंजिन आणि रेडिएटर अक्षत असतात. समोरून आदळलेल्या गाडीत फाउंडेशन तुटलेले आणि ब्लॉकला केसासारखी चीर पडलेली असण्याचा संभव फार. ती चालू स्थितीत पाहावी. थंड इंजिन सुरू करून, तापेपर्यंत ऐकून, मग प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. सुटी करताना प्रत्येक तारेला, प्रत्येक नळीला चिठ्ठी बांधावी, आणि नवे इंजिन यजमान गाडीत सुरू होऊन काही शे मैल चालेपर्यंत दात्रीचा सांगाडा आवारातून हलवू नये. कारण कोणता क्षुद्र कंस कोणत्या दिवशी लागेल हे सांगता येत नाही.

१९७२ साली मोठ्या खासगी बस कंपन्यांचे युग या भागात संपुष्टात आले. तमिळनाडू सरकारने मोठ्या कंपन्यांच्या गाड्या ताब्यात घेऊन प्रादेशिक महामंडळे उभारली. रामन अँड रामनच्या गाड्या घेऊन कुंभकोणम्‌ला चोळन् रोडवेज कॉर्पोरेशन स्थापन झाले. महामंडळाचे स्वतःचे कार्यशाळा-दफ्तर, एकाच जातीच्या गाड्या आणि इंजिनांच्या पुनर्बांधणीची स्वतःची व्यवस्था. तेथे परक्या इंजिनाला स्थान उरले नाही. ते कसब आता टॅक्सीकडे आणि खासगी मोटारीकडे वळले.

या वळणाला कारण झाले ते १९७३ च्या ऑक्टोबरातील अरब राष्ट्रांच्या तेलबंदीचे. पेट्रोलच्या किमती भडकल्या. डिझेल, शेतीचे आणि मालवाहतुकीचे इंधन म्हणून, त्या मानाने स्वस्त राखले गेले. भाड्याच्या मोटारीवर उपजीविका करणाऱ्या माणसाला दोन दरांमधली ही दरी दररोज खिशात जाणवू लागली. त्याची गाडी बहुधा अॅम्बॅसडर. बंगालमधील उत्तरपाडा येथे हिंदुस्तान मोटर्सने १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून काढलेली ही मोटार मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. तिचे १४८९ घनसेंटिमीटरांचे पेट्रोल इंजिन विश्वासू, परंतु खादाड. कारखान्याने स्वतः तिच्यात डिझेल इंजिन बसविले ते १९७० चे दशक संपता संपता, आणि तेही तेवढ्याच घनमानाचे, अवघ्या सदतीस अश्वशक्तीच्या घरातले. तोपर्यंत, आणि त्यानंतरही, लोकांनी आपला मार्ग आपणच काढला. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने १९६९ पासून बाजारात आणलेली मॅटाडोर ही डिझेल गाडी गावोगाव पसरली होती. अपघातात सापडलेल्या मॅटाडोरचे इंजिन अॅम्बॅसडरच्या पोटात घालण्याची पद्धत दक्षिणेत तर इतकी रूढ झाली की 'मॅटाडोर इंजिनची अॅम्बॅसडर' हे विक्रीच्या बोलीत सर्रास ऐकू येऊ लागले. पुण्याच्या परिसरात बांधलेले इंजिन कावेरीकाठी बंगाली मोटारीच्या उदरात धडधडू लागले, याचे मला मराठी माणूस म्हणून विशेष कौतुक वाटते. कारखानदारांनाही हा मार्ग अपरिचित नव्हता: महिंद्र कंपनीने आपल्या जीपमध्ये बसविलेले पहिले डिझेल इंजिन इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्याच घराण्यातले होते.

कुंभकोणम्‌ला या बदलाची गोडी विशेष असण्याचे कारण तेथला धंदा. सूर्यनार् कोविल, कंजनूर, आलंगुडी, तिरुनागेश्वरम्, तिरुनल्लार, वैत्तीश्वरन् कोविल, तिरुवेंकाडु, तिंगळूर आणि कीळपेरुम्पळ्ळम् या नवग्रहांच्या नऊ क्षेत्रांची यात्रा याच गावी मुक्काम ठेवून केली जाते. एक कुटुंब, त्याचे आजी-आजोबा, नैवेद्याच्या पिशव्या आणि दिवसभर थांबत थांबत धावणारी एक मोटार, असा हा व्यवसाय. त्यात वेगाला किंमत नाही. वजन ओढण्याला आणि इंधन पुरविण्याला आहे. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर बळ देते, परंतु त्याच्या कमाल फेऱ्याही कमी असतात; म्हणून मागच्या आसातील दातांचे प्रमाण न बदलता ते पेट्रोल मोटारीत बसविल्यास गाडीचा कमाल वेग घटतो. लांब पल्ल्याच्या मोकळ्या रस्त्यांवर ही उणीव लोकांनी सोसली नसती. भातखाचरांमधून जाणाऱ्या अरुंद रस्त्यांवर तीच गाडी निर्वेध चालली.

मोटारीतले काम बसपेक्षा कठीण, कारण येथे सुट्या तुळया नाहीत आणि जागा तोकडी आहे. अॅम्बॅसडरचे स्टीअरिंग रॅक-पिनियनचे. ते आणि पुढची आडवी तुळई ही दोन्ही नेमकी तेथे असतात जेथे परक्या इंजिनाचे तेलपात्र उतरू पाहते. तेलपात्र कापून त्याची खोलगट बाजू मागे नेऊन जोडावी, की इंजिन वर उचलून बॉनेटला फुगवटा द्यावा, हा निर्णय आधीच घ्यावा लागे, आणि जाणते लोक नेहमी पहिला मार्ग पत्करीत. दात्रीचा गिअरबॉक्स घेतला तर जुन्या मोटारीत स्टीअरिंगच्या दांड्यावर असलेला गिअरचा लिव्हर खाली फरशीत येई. त्यासाठी पत्रा कापून बोगद्याला नवी टोपी बसवावी लागे. वजन वाढल्याने पुढचा भाग बसे. सुदैवाने अॅम्बॅसडरला पुढे टॉर्शन बार असल्याने त्यांचा पीळ वाढवून उंची परत आणता येई, तथापि बॉल जॉइंट आणि ब्रेक यांच्यावरचा बोजा पिळाने कमी होत नाही, हे विसरणाऱ्यांना त्याचे फळ भोगावे लागे. पेट्रोलच्या टाकीत एकच नळी असते. डिझेलच्या इंजेक्टरांतून उरलेले इंधन टाकीत परत न्यावे लागते, म्हणून दुसरी नळी. बॅटरी मोठी, स्टार्टरची तार जाड, रेडिएटर अधिक रुंद. या यादीतील एकही गोष्ट अवघड नाही. परंतु ती इंजिन आत गेल्यावर सुचली तर इंजिन पुन्हा बाहेर काढावे लागते.

१९९२ साली हिंदुस्तान मोटर्सने जपानच्या इसुझू कंपनीचे १८१७ घनसेंटिमीटरांचे पेट्रोल इंजिन पाच गतींच्या गिअरबॉक्ससह अॅम्बॅसडरमध्ये दिले. तेच घराणे त्याआधी कॉन्टेसा या त्यांच्या मोठ्या मोटारीत आले होते. मिस्त्रींच्या दृष्टीने ही पर्वणीच ठरली, कारण आता दात्री आणि यजमान एकाच कारखान्याच्या होत्या, फाउंडेशनचे कंस कारखान्यानेच आखलेले होते, आणि जुन्या मोटारीला नवे बळ देताना अंदाजाचे काम फार उरले नव्हते. सुंदर अवस्थेतील जुनी अॅम्बॅसडर आणि गंजलेली कॉन्टेसा यांचा हा संयोग आजही हौशी लोक करतात. २०१४ साली अॅम्बॅसडरचे उत्पादन थांबले; त्यामुळे सुटे भाग मिळविण्यासाठी चेन्नईच्या पुदुपेट्टै येथील जुन्या गाड्यांच्या बाजाराची वाट धरणे हाच मुख्य मार्ग उरला आहे.

याच मुलखातील एक उदाहरण येथे नमूद करावेसे वाटते, जरी ते मोटारीचे नाही. कुंभकोणम्‌पासून चाळीसेक किलोमीटरवर तिरुवारूरच्या त्यागराजस्वामींचा महारथ आहे. त्याचे ओढणे १९४८ नंतर बंद पडले होते आणि १९७० साली पुन्हा सुरू झाले. तिरुचिरापल्लीच्या भारत हेवी इलेक्ट्रिकल्स या कारखान्याने त्याला पोलादी चाके व आस आणि द्रवदाबाचे ब्रेक दिले. वरचा लाकडी, कोरीव देह परंपरेचा. खालचे गतियंत्र आधुनिक कारखान्याचे. कोणत्याही भाविकाने त्यास हरकत घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही, आणि घेऊही नये. रथ थांबवता येणे ही भक्तांच्या प्राणांची हमी आहे.

सरकारचा दृष्टिकोन मात्र क्रमाने कठोर होत गेला. १९३९ च्या कायद्यात बदलाची खबर नोंदणी अधिकाऱ्यास देऊन त्याची मान्यता घेण्याची तरतूद होती. १९८८ च्या कायद्याचे कलम ५२, २००० साली झालेल्या दुरुस्तीनंतर, असे म्हणते की कारखानदाराने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत असा फेरफार मालकाने करू नये. अपवाद ठेवला तो इंधनबदलाच्या मान्यताप्राप्त संचाचा. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. तात्पर्य, बिघडलेल्या इंजिनाच्या जागी त्याच जातीचे दुसरे बसविणे, त्याच्या खरेदीची व मूळ नोंदणीची कागदपत्रे जपून ठेवणे, पूर्वसंमती घेणे आणि आर. सी. बुकात नवा इंजिन क्रमांक चढवून घेणे हा आजचा निर्धोक मार्ग. मॅटाडोरचे इंजिन अॅम्बॅसडरमध्ये घालण्याचे दिवस कायद्याच्या दृष्टीने संपले. मला या कठोरपणात काही अन्याय्य दिसत नाही, कारण ज्या मिस्त्रीने ब्रेकचा विचार न करता बळ वाढविले त्याच्या चुकीची किंमत रस्त्यावरचा तिसराच माणूस देतो. खेद एवढाच की पट्टरैतील टर्नरच्या वहीत मोजमापांची जी विद्या साठली होती तिचा संग्रह कोणी केला नाही. तंजावरच्या सरस्वती महालात मोडी लिपीतले दरबारी जमाखर्च जपून ठेवलेले आहेत. त्याच जिल्ह्यातील यंत्रविद्येच्या या वह्या मात्र तेलाचे डाग पडून रद्दीत जात आहेत, आणि ज्यांना त्या वाचता येतील ती माणसे वृद्ध झाली आहेत.

२०२१ च्या नियमांनुसार मोडीत काढावयाच्या गाड्या नोंदणीकृत केंद्रांकडे जाऊ लागल्या आहेत, म्हणून दात्री गाड्यांचा पुरवठाही पुढे आटत जाईल. दुसरीकडे, पेट्रोल इंजिन उतरवून त्या जागी विजेची मोटर बसविण्याचे संच निघाले आहेत, आणि पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन अशा संचांची तपासणी करून प्रमाणपत्र देते. या संचाचे काम हाती घेणाऱ्याला पहिल्या दिवशी पुन्हा गाडीची मध्यरेषाच आखावी लागते. बॅटऱ्यांचे वजन पुढे किती आणि मागे किती ठेवावे, मोटरचे कंस जुन्या फाउंडेशनवर कसे आणावेत, ब्रेक नव्या वजनाला पुरतात काय, हे त्याला आधी मोजावे लागते. आणि जुना गिअरबॉक्स राखावयाचा असेल, तर त्याचा शाफ्ट आणि विजेच्या मोटरचा शाफ्ट यांना जोडणारी पोलादी तबकडी आजही लेथवर, एकाच बांधणीत, डायल गेज लावून कातावी लागते.